हिरोशिमाचे पंधरा पट

युद्धाची चित्रे जगात थोडी नाहीत. विजेत्या राजांच्या वाड्यांत आणि त्यांच्या राजधान्यांतील संग्रहालयांत भिंतीच्या भिंती अशा चित्रांनी भरलेल्या आहेत. निशाणे फडकत आहेत, घोडे उधळले आहेत, मध्यभागी सेनापती तलवार उगारून उभा आहे, आणि कुठेतरी खालच्या कोपऱ्यात, चित्राला पुरेपणा यावा म्हणून, चारदोन प्रेते पडलेली आहेत. त्या कोपऱ्यातल्या प्रेतांकडे चित्रकाराचे लक्ष जाण्यास पुष्कळ शतके लागली. स्पेनच्या गोयाने १८१४ मध्ये गोळ्या घालून मारल्या जाणाऱ्या साध्या माणसांचे जे प्रसिद्ध चित्र रंगविले, त्यात ही प्रेते कोपऱ्यातून निघून पुढे आली. परंतु तेथेही बंदुका रोखलेले सैनिक समोर आहेत. मारणारा दिसतो आणि मरणाराही दिसतो. मारणारा मुळी दिसतच नाही, तो आकाशात सहा मैल उंचीवर असतो आणि काम उरकून निघून गेलेला असतो, अशा मरणाचे चित्र कसे काढावे, हा प्रश्न मात्र आपल्याच काळाने निर्माण केला. ज्या चित्रमालेविषयी येथे लिहावयाचे आहे ती ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता बत्तीस वर्षे वाढत गेली. हिरोशिमाचे पट ह्या नावाने ती जगात ओळखली जाते. इरी मारुकी आणि तोशी मारुकी ह्या जपानी पतिपत्नींनी १९५० ते १९८२ ह्या काळात ती मिळून काढली.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमा शहरावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, अणुबाँबचा स्फोट झाला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी जपानच्या लष्करी मुख्यालयाने जे पत्रक काढले त्यात नव्या प्रकारचा बाँब पडला असून बरीच हानी झाली आहे, एवढेच म्हटले होते. सरकारी भाषेतील ‘बरीच’ ह्या शब्दात काय काय मावू शकते ह्याचा ह्याहून मोठा पुरावा इतिहासात सापडणे कठीण.

इरी मारुकी त्या वेळी पत्नीसह टोकियोच्या बाजूस राहत होते. ते मूळचे हिरोशिमाकडचेच, १९०१ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले. आईवडील, बहीण, आप्तेष्ट सारे तेथेच. बातमी कानावर येताच ते मिळेल त्या गाडीने निघाले आणि स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी शहरात पोहोचले. तोशी काही दिवसांनी मागाहून गेल्या. घर शहराच्या कडेला मिताकी भागात होते, स्फोटाच्या केंद्रापासून अडीच किलोमीटरांच्या थोडे पलीकडे. छप्पर उडालेले, परंतु घर उभे होते, आणि म्हणूनच ते जखमींनी भरून गेले होते. इरींचे एक चुलते गेले, दोन लहान भाच्या गेल्या, बहीण भाजली, वडील सहा महिन्यांनी वारले. ह्या दोघांनी जवळजवळ महिनाभर तेथे राहून जखमींना उचलले, प्रेते जाळली, अन्न शोधले, छपरासाठी पत्रे गोळा केले. चित्र काढण्याचा विचारही कोणाच्या मनात येण्याजोगी ती वेळ नव्हती. हातात कुंचला नव्हे, प्रेताची तिरडी होती.

ह्या दोघांच्या कलेची घडण एकमेकांहून अगदी निराळी होती, आणि पुढील सर्व कथेचे मर्म बरेचसे ह्या निराळेपणात आहे. इरी हे काळ्या शाईच्या चित्रकलेत वाढलेले. जपानातील ही शाई म्हणजे काजळी आणि सरस ह्यांची वडी. ती पाण्यात उगाळावयाची आणि कुंचल्याने कागदावर सोडावयाची. एकदा कागदाने शाई प्याली की पुन्हा खोडता येत नाही. परंतु इरी जुन्या वळणात अडकून राहिले नाहीत. नव्या, बंडखोर चित्रकारांच्या मंडळात ते सामील झाले. १९४१ मध्ये त्या मंडळाचे पुढारी फुकुझावा इचिरो ह्यांना पोलिसांनी पकडून कैदेत ठेवले, ह्यावरून त्या काळच्या जपानात नव्या चित्रकाराची काय स्थिती होती ते कळेल. तोशी ह्यांचा जन्म १९१२ चा, उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील एका बौद्ध देवळात. वडील तेथील पुरोहित. त्यांनी टोकियोत तैलचित्रण शिकून घेतले, मॉस्कोत राहून आल्या, दक्षिण समुद्रातील पलाऊ बेटांवर जाऊन आल्या. मानवी देहाचे रेखाटन हा त्यांचा हातखंडा. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केले.

युद्धाच्या त्या वर्षांत जपानचे बहुतेक नामांकित चित्रकार लष्करासाठी चित्रे काढीत होते. त्यांतील सर्वांत गाजलेले नाव फुजिता त्सुगुहारु ह्यांचे. पॅरिसमध्ये कीर्ती मिळवून आलेल्या ह्या चित्रकाराने १९४३ मध्ये अट्टू बेटावरील जपानी तुकडीच्या अखेरच्या झुंजीचे एक मोठे, गडद चित्र रंगविले. त्यापुढे लोक पैसे टाकून हात जोडीत. म्हणजे मरणाचे चित्र आणि त्यापुढे नमणारे लोक हे दृश्य जपानला नवे नव्हते. त्या चित्रातले मरण मात्र देशासाठी पत्करलेले म्हणून गौरवाचे होते. हिरोशिमातील शाळकरी मुलीने, दुकानदाराने, तान्ह्या मुलाने काहीच पत्करले नव्हते. त्यांच्या मरणाला कोणते नाव द्यावे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

शिवाय नाव देण्याची मोकळीकही नव्हती. सप्टेंबर १९४५ मध्ये दोस्तांच्या सैन्याने जपानचा ताबा घेतला, आणि त्याच महिन्यात वृत्तपत्रांसाठी जे नियम जारी झाले त्यांच्या आधारे अणुबाँबच्या परिणामांविषयीचा मजकूर आणि छायाचित्रे छापण्यावर कडक नजर ठेवण्यात आली. हा अंमल एप्रिल १९५२ पर्यंत चालला. ‘आसाही ग्राफ’ ह्या साप्ताहिकाने होरपळलेल्या माणसांची छायाचित्रे प्रथम मोठ्या प्रमाणावर छापली ती ६ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे घटनेला सात वर्षे पुरी झाल्यावर. तोवर जपानातील सामान्य माणसाला हिरोशिमात नक्की काय घडले ते डोळ्यांनी पाहण्याचे साधनच जवळजवळ नव्हते. मारुकी दांपत्याचे पहिले चित्र १९५० चे आहे, ही गोष्ट ह्या संदर्भात ध्यानात ठेवली पाहिजे. जे छायाचित्राला करू दिले नाही ते शाईने केले.

दोघांनी हात घातला तो तीन वर्षे उलटल्यावर, १९४८ च्या सुमारास. एवढा वेळ का लागला? शोक ताजा असताना चित्र होत नाही, असे म्हणून हा प्रश्न सोडविण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते तितकेसे पटत नाही. शोकापेक्षा रीतीची अडचण मोठी असावी. ज्याला पूर्वीचे उदाहरण नाही असे दृश्य मांडण्यास दोघांपैकी एकाचीही विद्या पुरेशी नव्हती. निव्वळ शाई वापरावी तर ती धुके, पर्वत, बांबू ह्यांच्या शांततेकडे ओढते. निव्वळ यथातथ्य रेखाटन करावे तर ते वैद्यकीय ग्रंथातील आकृतीसारखे होते.

मग जे घडले ते मोठे मौजेचे आहे. तोशी बारीक, अचूक रेषांनी माणसे काढीत. त्यांसाठी त्या एकमेकांना आणि नमुन्यासाठी बसणाऱ्या तरुणांना समोर ठेवून रेखाटने करीत. सुरुवातीच्या चित्रांसाठी अशी सुमारे नऊशे माणसे काढून झाली. मग इरी येत आणि त्या नीटस आकृतींवर पातळ शाईचा लोंढा सोडून देत. कष्टाने काढलेले चेहरे काळ्या पाण्याखाली जात. तोशी संतापत, आणि शाई वाळली की बुडालेल्या माणसांना पुन्हा रेषेने वर काढीत. इरी पुन्हा शाई ओतीत. आज त्या पटांपुढे उभे राहिले असता अंधारातून देह वर येत आहेत की अंधारात बुडत आहेत हे सांगता येत नाही, त्याचे कारण हे नवराबायकोचे भांडण होय. संसारातील भांडणाचा एवढा चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

पहिल्या पटाचे नाव ‘भुते’. प्रत्येक पट सुमारे सहा फूट उंच आणि जवळजवळ चोवीस फूट लांब, आठ फळ्यांच्या घडीच्या पडद्याचा. ह्या पहिल्या पटात विमान नाही, छत्रीसारखा ढग नाही, कोसळलेली इमारत नाही. पाठीमागे कोरा कागद आहे. त्यावरून उघडीनागडी माणसे एका बाजूला चालली आहेत. त्यांचे हात पुढे उचललेले आहेत, कारण हातांची सोललेली कातडी खाली लोंबत आहे आणि ती अंगाला लागू नये म्हणून हात वर धरावे लागत आहेत. पुष्कळ जणांनी नंतर सांगितले की त्या दिवशी माणसे खरोखर अशीच चालत होती, भुतांच्या मिरवणुकीसारखी. कपडे जळून गेल्यामुळे कोण अधिकारी, कोण मजूर, हे काही कळत नाही. काही टीकाकारांनी असा आक्षेप घेतला की हे देह फार सुघटित आहेत, प्रत्यक्षात ह्याहून भयंकर होते. वाचलेल्या लोकांनीही तसे सांगितले. परंतु चित्र पाहणाऱ्याला चोवीस फूट चालावयाचे आहे. पहिल्याच पावलाला त्याने तोंड फिरवले तर पुढचे कोण पाहणार? देहाचे सौंदर्य राखून चित्रकारांनी पाहणाऱ्याला थांबविले आहे, आणि थांबल्यावर त्याला कळते की हे सौंदर्य कशाचे बनले होते आणि काय झाले.

हा पट फेब्रुवारी १९५० मध्ये टोकियोतील उएनो येथील प्रदर्शनात लागला तेव्हा त्याला अणुबाँबचे नाव देता आले नाही. ‘६ ऑगस्ट’ एवढेच शीर्षक होते. त्याच वर्षी ‘अग्नी’ आणि ‘पाणी’ हे आणखी दोन पट झाले आणि तिन्ही फिरतीवर निघाले. सुरुवातीस ते गुंडाळता येतील अशा बेताने मढविलेले होते. तरुण स्वयंसेवक गुंडाळ्या खांद्यावर घेऊन आगगाडीने गावोगाव जात, शाळेत, देवळात, सभागृहात त्या उलगडून टांगीत आणि पुढे उभे राहून चित्रातील प्रसंग सांगत. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. जपानातही देवळात नरकाची चित्रे टांगून भिक्षूने त्यांची कथा सांगण्याची जुनी परंपरा होती, आणि तोशी तर देवळातच जन्मलेल्या. फरक इतकाच की येथे कथेकऱ्याला श्रोत्यांमधून उत्तर येई. कोणी म्हातारी पुढे येऊन म्हणे की माझेही असेच झाले. कोणी मुलीची गोष्ट सांगे, कोणी नदीची. सेन्सॉरच्या काळात ज्यांना तोंड उघडण्यास जागा नव्हती त्यांना ह्या चित्रांपुढे जागा मिळाली. पुढच्या पटांतील कितीतरी प्रसंग अशा ऐकलेल्या हकिकतींतून आले आहेत. म्हणून ह्या चित्रमालेचे कर्ते दोघेच होते असे म्हणणे पुरते खरे नाही.

‘पाणी’ ह्या तिसऱ्या पटाकडे वळू. होरपळलेली माणसे पाणी पाणी करीत हिरोशिमाच्या नद्यांकडे धावली आणि तेथेच पडली. ह्या गर्दीत एक आई आहे, तिच्या कडेवर मूल आहे. ती त्याला पाणी पाजावयास आली आहे आणि आता तिच्या ध्यानात येते की ते मूल मेलेले आहे. आई आणि मूल हा जगाच्या चित्रकलेतील आशेचा सर्वांत जुना विषय. युरोपात मेरी आणि येशू, आपल्याकडे यशोदा आणि कृष्ण. तोशींच्या मनाला हीच गोष्ट लागून राहिली होती की ज्या आकृतीने आशा दाखवावयाची तीच आता निराशेची आकृती झाली. चौथा पट ‘इंद्रधनुष्य’. स्फोटानंतर काळा पाऊस पडला आणि मग काळवंडलेल्या आकाशात इंद्रधनुष्य उमटले, ह्या आठवणीवर तो आधारलेला आहे. शोकामागून आशा येते असे दाखविण्यास ह्याहून सोयीचे चिन्ह कोणते? व्याख्यानांतून आणि लेखांतून ह्या पटाचा तसा उल्लेख होतोही. परंतु खरे सांगावयाचे तर त्या इंद्रधनुष्यात मला आशा दिसत नाही. काळा पाऊस विषारी होता. त्यात भिजलेली कितीतरी माणसे पुढे आजारी पडली. आकाशाला खाली काय चालले आहे ह्याची दखल नसते, एवढेच ते धनुष्य सांगते. आशा शोधावयाची तर ह्या चित्रमालेत दुसरीकडे पाहिले पाहिजे.

पुढील पटांत मुले, राखेचे वाळवंट, भूकंपात पळावे तसे बांबूच्या बनात पळालेले लोक, मदतीला धावलेले नातेवाईक असे विषय आले. मग १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. शंभर मैलांच्या आसपास अंतरावर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पडली. नौकेत २३ खलाशी होते. त्यांपैकी आइकिची कुबोयामा हे सप्टेंबरात वारले. नौका याइझू बंदराची, म्हणून १९५५ च्या नवव्या पटाचे नाव ‘याइझू’. ह्या घटनेने जपान हलले. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी मासळी विकत घ्यावी की नाही ह्या रोजच्या काळजीतून सह्यांची मोहीम सुरू केली, आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या तूर्त थांबविण्याची सूचना मांडली, तीही ह्याच बिकिनीच्या राखेमुळे. दहावा पट ‘सह्या’ ह्या मोहिमेचा आहे. भुतांच्या मिरवणुकीनंतर पाच वर्षांनी त्याच शाईने साधी माणसे हातात लेखणी घेऊन उभी केली आहेत. कलेच्या दृष्टीने हा पट पहिल्या तिघांच्या तोडीचा नाही. परंतु लोकांना तो आवडे, आणि का आवडे ते समजणे कठीण नाही.

दरम्यान १९५३ पासून सुमारे दहा वर्षे ही चित्रे वीसाहून अधिक देशांत फिरली. मारुकी दांपत्य १९४६ पासून साम्यवादी पक्षात होते आणि त्यांच्या विरोधकांनी ह्या पटांना पक्षाच्या प्रचाराचे फलक ठरविले. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नव्हता. चित्रे जेथे जेथे गेली तेथे तेथे बोलावणारे बहुधा त्या बाजूचे असत. परंतु पुढे रशियाच्या अणुचाचण्यांना विरोध करावा की करू नये ह्यावरून जपानची शांततेची चळवळ १९६३ मध्ये फुटली आणि पक्षाशी मतभेद झाल्यामुळे १९६४ मध्ये ह्या दोघांना पक्षातून काढून टाकण्यात आले. कोणाच्या बाँबला नाव ठेवावयाचे आणि कोणाच्या नाही हे पक्षाने सांगावे, हे त्यांना मानवले नाही.

१९६७ मध्ये त्यांनी साइतामा प्रांतात हिगाशी-मात्सुयामा येथे, तोकी नदीच्या काठी, चित्रांसाठी स्वतःचे दालन उभारले. त्यानंतर लवकरच बारावा पट झाला, ‘सोडलेले दिवे’. हिरोशिमात दर ६ ऑगस्टला संध्याकाळी लोक मृतांची नावे लिहिलेले कागदी दिवे नदीत सोडतात. आपण कार्तिकात दिवे सोडतो तसेच ते दिसते. पण हिरोशिमाच्या नद्या समुद्राला लागून आहेत. भरती येऊ लागली की पुढे गेलेले दिवे मागे ढकलले जातात, विझलेल्या कागदांचा काळा थर परत येतो, आणि त्या दिवशी ह्याच पाण्यात काय तरंगत होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते आठवल्यावाचून राहत नाही. एखाद्या सामान्य चित्रकाराने मालिका येथे संपविली असती. शोक झाला, श्राद्ध झाले, दिवे लागले. ह्याहून गोड शेवट कोणता? बाहेरच्या जगाचीही तीच अपेक्षा होती.

१९७० मध्ये आठ पट अमेरिकेत गेले. तेथे एका अमेरिकन प्राध्यापकाने मारुकींना एक प्रश्न विचारला. त्याचा आशय असा की, एखाद्या चिनी चित्रकाराने नानकिंगच्या हत्याकांडाची चित्रे काढून जपानात आणली, तर तुम्ही त्यांचे काय कराल? डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने नानकिंग जिंकल्यावर तेथे आठवडेच्या आठवडे कत्तल आणि अत्याचार चालविले होते. जपानात ह्या गोष्टीचा उच्चार फारसा होत नसे. हिरोशिमाच्या शोकाने जपानी मनाला एक सोयीची जागा दिली होती, की आम्ही सोसणारे. आणि सोसणाऱ्याला कोणी हिशेब विचारीत नाही. वीस वर्षे ज्यांच्या चित्रांनी हा शोक जगभर नेला त्यांना हा प्रश्न ऐकून राग आला असता तर कोणी दोष दिला नसता. माझ्या मते ह्या चित्रमालेची खरी कसोटी ह्या प्रश्नापाशी लागली, आणि आशा म्हणून जिच्याकडे बोट दाखविता येईल अशी गोष्ट पुढच्या दोन पटांतच आहे.

१९७१ चा तेरावा पट ‘अमेरिकन युद्धकैद्यांचा मृत्यू’. जुलै १९४५ च्या अखेरीस पाडलेल्या अमेरिकन विमानांतील काही वैमानिक हिरोशिमात कैदेत होते आणि आपल्याच देशाच्या बाँबने ते मेले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. मारुकी पुन्हा हिरोशिमाला गेले, विचारपूस केली. तेव्हा त्याहून कडू गोष्ट ऐकावयास मिळाली: स्फोटातून जिवंत राहिलेल्या एका कैद्याला पुलापाशी बांधून लोकांनी दगडांनी मारले, असे पाहिलेली माणसे होती. पहिल्या पटातील भुतांविषयी आपली करुणा आता पुरती पक्की झालेली असते, आणि तेराव्या पटात तीच माणसे एका तरुण कैद्याला मारताना आपल्यापुढे येतात. स्वतःच्या गावच्या मृतांविषयी इरींनी हे चित्र काढले. त्याला हात किती जड झाला असेल!

१९७२ चा चौदावा पट ‘कावळे’. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला होता आणि युद्धकाळात हजारो कोरियन माणसे हिरोशिमा-नागासाकीच्या कारखान्यांत राबावयास आणली होती. स्फोटानंतर मदत आधी जपान्यांना मिळाली; कोरियनांची प्रेते अखेरपर्यंत उघड्यावर राहिली आणि त्यांवर कावळे उतरले. लेखिका मिचिको इशिमुरे ह्यांनी ही हकिकत लिहिली होती, तिच्यावरून हा पट सुचला. जपान्यांनी जपान्यांवर केलेला हा आरोप आहे. चोवीस फूट कागद काळ्या पंखांनी जवळजवळ भरून गेला आहे. इरींच्या शाईला इतका जोर दुसऱ्या कोठे आला असेल असे वाटत नाही. आणि त्या काळोखात कोरियन स्त्रीचा पांढरा पोशाख, आत देह नसलेला, वर तरंगत चालला आहे. ‘इंद्रधनुष्या’तील सात रंगांपेक्षा हा एक पांढरा रंग मला अधिक विश्वासाचा वाटतो. मेल्यावरही जातपात आणि राष्ट्र पाहणाऱ्या जगात कोणीतरी ती पाहावयाचे थांबले होते, ही खूण त्यात आहे. हिरोशिमात कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या हद्दीबाहेर. त्याला आत जागा मिळण्यास १९९९ साल उजाडले. चित्र त्याआधी सत्तावीस वर्षे आत गेले होते.

एकदा हे दार उघडल्यावर दोघे थांबले नाहीत. प्राध्यापकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १९७५ मध्ये दिले. नानकिंगच्या कत्तलीचे भव्य चित्र त्यांनी स्वतःच काढले. १९७७ मध्ये ऑशविट्झ, १९८० मध्ये कारखान्याच्या पाऱ्याने विषबाधा झालेले मिनामाताचे कोळी, १९८४ मध्ये ओकिनावाची लढाई. तोशींनी मुलांसाठी हिरोशिमावर एक चित्रपुस्तकही केले, ते १९८० मध्ये निघाले आणि अनेक भाषांत गेले.

येथे इरींच्या मातोश्री सुमा ह्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. बाँबच्या दिवशी त्या हिरोशिमात होत्या. शेतात आणि घरात राबून आयुष्य गेलेले, शाळेचे शिक्षण नाही. सत्तरी उलटल्यावर, पती गेल्यानंतर, सुनेच्या आग्रहावरून त्यांनी हातात कुंचला घेतला आणि १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या चित्रे काढीत राहिल्या. त्यांच्या कागदांवर फुले, कोंबड्या, मांजरे, मासे, पाखरे असत, भडक रंगांत, लहान मुलाच्या हाताने काढल्यासारखी. त्याच कुटुंबात मुलगा आणि सून काळ्या शाईने नऊशे माणसे काढीत होते. सुमांच्या चित्रांपुढे उभे राहिल्यावर मारुकींचे काळे पट खोटे वाटत नाहीत आणि त्या पटांपुढून आल्यावर सुमांची कोंबडी क्षुल्लक वाटत नाही. दोन्ही चित्रे आज एकाच दालनाच्या संग्रहात आहेत.

पंधरावा आणि शेवटचा पट ‘नागासाकी’ १९८२ चा. तोवर इरी ऐंशी ओलांडून गेले होते, तोशी सत्तरीच्या होत्या. १९९५ मध्ये दोघांचे नाव नोबेल शांतता पारितोषिकासाठी सुचविले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इरी वारले. तोशी जानेवारी २००० मध्ये गेल्या. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ ह्या संघटनेला ते पारितोषिक मिळाले ते २०२४ मध्ये. तोपर्यंत स्फोट डोळ्यांनी पाहिलेली माणसे फार थोडी उरली होती.

तोकीकाठच्या दालनात चौदा पट आहेत, आणि ६ ऑगस्टला संध्याकाळी तेथेही लोक कागदी दिवे घेऊन नदीवर उतरतात. ‘नागासाकी’ मात्र नागासाकीच्याच अणुबाँब संग्रहालयात आहे, तेव्हा पंधराही पट पाहावयाचे तर जपानच्या दोन टोकांचा प्रवास करावा लागतो.